जोत्याची खूण

आमच्या भूगोल विभागात पृथ्वी चुकली तरी चालायची, जर्नल चुकलेलं चालत नव्हतं. इंगवले सर सही करायच्या आधी एकच ओळ बघत, शेवटची. तिथं शून्य असलं की सही, नसलं की जर्नल परत. बाकीची चाळीस पानं त्यांनी कधी उलटलेली मी तरी पाहिली नाहीत.

ही शेवटची ओळ काय भानगड आहे ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं. बी.ए.ला भूगोल स्पेशल घेतलं की तिसऱ्या वर्षी डंपी लेव्हल शिकवतात. तिपाईवर बसवलेली दुर्बीण असते. समोर एकजण आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा राहतो, तिला स्टाफ म्हणतात. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, यंत्र उचलून पुढं जायचं. असं करत करत एका जागेची उंची दुसऱ्या जागेशी ताडून बघता येते. मग तसंच मोजत परत निघालेल्या जागी यायचं. निघताना जी उंची होती तीच परतल्यावर आली पाहिजे. जो फरक पडेल तो क्लोजिंग एरर. फरक फार असला तर सगळं पुन्हा मोजावं, असं पुस्तकात लिहिलंय. आमच्याकडं पुन्हा मोजायची पद्धत नव्हती. कॅन्टीनमध्ये बसायचं आणि मधले दोन-तीन आकडे असे बदलायचे, की शेवटी शून्य आलं पाहिजे. ह्याला आम्ही ‘मिळवून घेणं’ म्हणायचो. वरच्या वर्गातल्या पोरी खालच्या वर्गातल्यांना ते शिकवायच्या, भाकरी थापायला शिकवावी तसं. सरांना सगळं ठाऊक होतं. त्यांनीही त्यांच्या काळी तेच केलं असणार.

मी भूगोल घेतला तो पुरामुळं. आमचं गाव गडमुडशिंगीच्या पलीकडं, ओढ्याकाठी. नाव सांगत नाही. बदनामी व्हायची ती एका माणसाची होऊन गेलीय, आता गावाची कशाला? एकोणीस सालच्या पुरात नदीचं पाणी ओढ्यातून उलटं वर चढलं आणि आमची बौद्धवस्ती, मातीच्या भिंतींची अठरा घरं, बसली. आम्ही सगळे शाळेच्या माडीवर होतो म्हणून जीव वाचले. मी बारावीत होते. पाणी उलटं कसं येतं हे मला कुणी सांगेना. मोठी माणसं धरणाला शिव्या द्यायची, नाहीतर नशिबाला. कॉलेजात पहिल्याच वर्षी फुगवट्याचं पाणी म्हणजे काय ते सरांनी फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा मला वर्गातच रडू आलं. हे आधी कुणी समजावलं असतं तर निदान भांडीकुंडी तरी हलवली असती. पाहुणे विचारायचे, "भूगोल करून काय नकाशे इकणार काय?" आणि अण्णा म्हणायचे, "आमची पोरगी पाण्याची वाट शिकतीया."

अण्णा म्हणजे माझे वडील, बाळासो. फाउंड्रीत ओतकाम करतात, समाजमंदिराच्या कमिटीचे सेक्रेटरी आहेत, आणि बाळासो खोटं बोलत नाही ही त्यांची वस्तीतली ओळख.

पुरानंतर वस्तीला ओढ्यापलीकडं गायरानात नवी जागा मिळाली. अठरा घरकुलं मंजूर झाली. प्रश्न एकच होता, जोतं किती उंच धरायचं? नव्या जागेवर आधी कुणी राहिलेलंच नव्हतं, त्यामुळं तिथं पाणी कुठवर चढलं होतं हे सांगायला माणूस नव्हता. एकोणीसची खात्रीची खूण म्हणजे शाळेच्या भिंतीवर मारलेली निळी रेघ, आणि शाळा तिथून सव्वा किलोमीटर. घरकुलाचा इंजिनियर आला, गाडीतून न उतरताच "घ्या तीन-चार फूट" म्हणाला आणि गेला.

बैठकीत अण्णा उभे राहिले. "आमच्या अक्षताला यंत्रानं मोजाय येतंय. शाळंवरची रेघ ती हितं आणून दावील. तिच्यावर एक फूट चढ धरू आन् बांधू. परत म्हणून कुणाची चूल भिजाय नको."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्याच वर्षी प्रोजेक्ट करायचा होता, विषय आयता चालून आला. मी तर हवेतच होते.

सरांनी यंत्र एका शनिवारपुरतं दिलं, संध्याकाळी पाचच्या आत जमा करायच्या बोलीवर. स्टाफ धरायला वर्गातला वृषभ आला. कागलचा, वडिलांचं खतांचं दुकान, भूगोलाशी त्याचं देणंघेणं नव्हतं, पण मैत्रीला पक्का. शाळेपासून नव्या जागेपर्यंत जाताना मीच वाचत होते, मीच लिहीत होते, शिसपेन्सिलीनं, अगदी जपून. नव्या वस्तीचा चौक जिथं व्हायचा होता तिथं एक वासा रोवलेला होता. तिथं पोचून हिशेब केला, निळी रेघ जमिनीपासून पाच फुटांवर येत होती. परतताना ऊन तापलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, वृषभनं खिशातलं पेन दिलं, आणि परतीचं पान पेनानं लिहिलं गेलं. शाळेपाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. बेरीज-वजाबाकी केली. फरक आला एकसष्ट सेंटिमीटर. म्हणजे दोन फूट.

"परत मोजाय लागतंय," मी म्हणाले.

"येडी हायस काय?" वृषभ म्हणाला. "पाचला यंत्र द्यायचंय, सोमवारी सबमिशन हाय. मिळवून घे की."

मी शाळेच्या पायरीवर बसले. जाताना चुकलं की येताना, हे कळायला मार्ग नव्हता. दोन्हीतलं एक पान बदलायचं होतं. पेनाचं खोडलं तर दिसतं, पेन्सिलीचं रबरानं जातं. मी पेन्सिलीचं पान बदललं.

एवढंच. ह्यापेक्षा मोठं कारण मी पुढं खूप शोधलं, पण नव्हतंच, तर सापडणार कुठून? नव्या हिशेबानं रेघ पाचाऐवजी तीन फुटांवर आली. शेवटच्या ओळीत शून्य आलं, आणि ते बघून इतकं बरं वाटलं, की मलाच ते खरं वाटायला लागलं. सरांसाठी एक आणि वस्तीसाठी एक असे दोन हिशेब मी ठेवायला हवे होते. निदान जर्नल जमा केल्यावर तरी पुन्हा मोजायला हवं होतं. ते सुचलंच नाही. वर्षभर मिळवून घेता घेता कागदावरची उंची आणि जमिनीवरची उंची ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच डोक्यातून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या वाश्यावर लाल रंगानं खूण केली. तीन फूट रेघेचे, एक फूट चढ.

बांधकाम जोतीराम गवंड्यांकडं होतं. मूळचे नेसरीकडचे, तीस वर्षं कोल्हापुरात कामं करून आमच्या गावाच्या कडेला खोली घेऊन राहिलेले. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. गवंडी लोक लेव्हल काढतात ती पाण्याच्या नळीनं. नळीत पाणी भरायचं आणि दोन टोकं दोन जागी उभी धरायची, की दोन्हीकडं पाणी सारख्याच उंचीला थांबतं. मामांचा माझ्यावर अविश्वास नव्हता, पण स्वतः तपासल्याशिवाय वीट लावायची नाही हा त्यांचा स्वभाव. बायकोला दुसरं टोक धरायला घेऊन त्यांनी शाळेच्या भिंतीपासून वाश्यापर्यंत नळी आणली, पन्नास-पन्नास फुटांचे टप्पे करत, दोन दिवस. मग आमच्या घरी आले.

"पोरी, रागावू नगंस," ते म्हणाले. "माझी नळी दोन फूट वर दावतीया. तुझी खूण खाली हाय."

दोन फूट हा आकडा माझ्याच वहीतला होता. मी ओळखलं. पण दारात अण्णा उभे होते, आई ऐकत होती, आणि कपाटावर सरांची सही झालेलं जर्नल होतं. मी म्हणाले, "मामा, उन्हात नळी ताणती, आत हवा ऱ्हाती. हे यंत्र हाय. विद्यापीठ मानतंय ह्याला."

मामा उठले. "व्हय, तू शिकलीयास," म्हणाले आणि चहा न घेता गेले. अण्णांनी मला काही विचारलं नाही. खरं तर त्या दिवशीच त्यांनी विचारायला हवं होतं, आणि विचारलं असतं तरी मी खोटंच सांगितलं असतं.

घरं उभी राहिली. जमीन उताराची आणि फरश्या सगळ्या खुणेच्या पातळीत, त्यामुळं कुठं जोतं छातीइतकं तर कुठं कमरेइतकं. वासा कुणीतरी जळणाला नेला. प्रोजेक्टला विद्यापीठात पहिला नंबर मिळाला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, सव्वा किलोमीटर जाऊन येऊन शून्य एरर, कमाल आहे. कमालच होती. समाजमंदिरात शाल आणि हार घालून माझा सत्कार झाला आणि प्रमाणपत्र तिथंच भिंतीवर लागलं. त्या अहवालातले उंचीचे आकडे वस्तीत कुणालाच वाचता येत नव्हते. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की आपली घरं पुराच्या वर आहेत.

आणि यंदा पाणी आलं. लोकांना हलवायला होडी वस्तीपाशी आली तेव्हा अण्णांनीच ती परत पाठवली. "आमचं जोतं मोजून बांधलंय. तुम्ही खालच्या गल्लीकडं जावा." पाणी पायरी-पायरीनं चढत होतं आणि लोक निवांत बघत होते. शेजारच्या अंबूबाई तर मला म्हणाल्या, "तुझ्या जिवावर झोपतीया बघ आज." पहाटे पाणी अठराही घरांत शिरलं. घोट्याएवढंच, पण ओल्या फरशीवरून अंबूबाईंचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. होडी परत बोलवायला चार तास गेले. वयाच्या सत्तरीत त्यांनी जे अंथरूण धरलंय ते अजून सुटलेलं नाही.

पाणी उतरल्यावर लोक शाळेच्या भिंतीपाशी गेले. ह्या वर्षीचा ओलीचा पट्टा निळ्या रेघेच्या वीतभर खाली होता. म्हणजे एकोणीसपेक्षा पाणी कमी, जोतं एकोणीसच्या रेघेवर एक फूट, तरी पाणी घरात. हिशेब तिसरीतल्या पोरालाही कळेल असा होता. एक तर यंत्र चुकलं, नाहीतर गवंडी. यंत्राचं प्रमाणपत्र समाजमंदिरात लावलेलं होतं. गवंड्याच्या नळीला प्रमाणपत्र कोण देणार? अंबूबाईंचा मुलगा सूरज मामांच्या खोलीवर गेला आणि चारचौघांत त्यांची गचांडी धरली. "दोन फूट विटा खाल्ल्यास थेरड्या! माझी आई मोडली तुझ्यापायी."

"मी पोरीला सांगितलंतं," मामा म्हणाले. "खूणच खाली हाय म्हणून."

ह्यानं आगीत तेलच पडलं. "आता लेकराच्या अंगावर ढकलतोय," असं म्हणून सगळी वस्ती त्यांच्यावर उठली. गावातली त्यांची दोन चालू कामं दुसऱ्याला गेली. कमिटीनं ठरवलं की रविवारी मामांना समाजमंदिरात बोलवायचं. अठरा घरांत आतून भराव घालून फरश्या वर घ्यायच्या, मजुरी न घेता. नाही म्हणाले तर पोलिसांत तक्रार.

मी इंगवले सरांना फोन केला. एम.ए. मी दुसरीकडं करत होते, तरी हक्कानं केला. सगळं सांगितलं आणि पुन्हा मोजायला यंत्र मागितलं. सर म्हणाले, "माजी विद्यार्थ्याला यंत्र देता येत नाही. आणि तुझं जर्नल परीक्षकांनी पास केलंय. मला त्यातलं काही आठवत नाही." वृषभ म्हणाला, "सगळेच करतात गं. तू एकटीच कशाला मनाला लावून घेतीयास?" सगळ्यांनी केलं, पण घर एकाही सरांचं भिजलं नाही.

रविवारी सकाळी मी त्या शनिवारी आकडे लिहिलेली वही, फील्डबुक, काढून अण्णांपुढं ठेवलं. अण्णांनी पेन्सिलीचं पान उजेडाकडं धरलं. खोडलेले आकडे नव्या आकड्यांखाली स्पष्ट दिसत होते.

"हे कुणाला ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"वृषभला, इंगवले सरांना. आणि खूण खाली हाय हे मामांना."

"जोतीरामापाशी कागद हाय का काय?"

"न्हाय."

अण्णांनी वही मिटून शर्टाच्या आत सरकवली. "वस्तीतले बाप आता पोरींना म्हणत्यात, अक्षतागत शिक. मनालीला तिच्या बापानं तुझ्याकडं बघून कॉलेजात घातलंय. तू पडलीस तर एकटी पडत न्हाईस, कळतंय का तुला?"

"आणि मामा?"

"त्याचं मी बघतो," अण्णा म्हणाले.

मी तरीही बैठकीत उभी राहिले. मामा दाराशी चपलांजवळ बसले होते, त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं. मी सांगितलं, "खूण मी चुकीची केली. मी आकडे खोडून बदलले. मामांची नळी बरोबर होती आणि त्यांनी मला येऊन सांगितलं होतं. अंबूआजींचं हाड माझ्यामुळं मोडलं." एकही शब्द गाळला नाही.

सूरज माझ्याकडं बघायला लागला. मग अण्णा उठले. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरीचं मन मोठं हाय," ते म्हणाले. "चार दिस जेवली न्हाय. म्हाताऱ्याचं हाल तिला बघवंनात. म्हणून स्वतःवर घेतीया. आपन तिच्यापायी म्हाताऱ्याला माफ करू. पोलिसात जायाचं न्हाय. फक्त काम त्यानं करून द्यावं."

बाळासो खोटं बोलत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. सूरज उठून आला, त्याचे डोळे भरले होते. "ताई, माझी आई मोडली तरी तू ह्याच्यासाठी खोटं बोललीस. तुझ्यागत माणूस न्हाय," तो म्हणाला.

मला ओरडता आलं असतं. अण्णांच्या शर्टात हात घालून वही ओढून काढता आली असती. पण त्यासाठी भर बैठकीत बापाला खोटं पाडावं लागणार होतं, आणि तो बाप आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता, माझ्यासाठी. मी खाली बसले. खोडून लिहिताना निदान मला कळत नव्हतं, असं म्हणता येईल. ह्या बसण्याला तसं म्हणायची सोय नाही.

मामांनी काम सुरू केलं अंबूबाईंच्या घरापासून. आठव्या दिवशी मी तिथं गेले. खाट अंगणात मंडपाखाली हलवली होती, अंबूबाई औषधानं झोपल्या होत्या. आत मामा एकटेच होते, मुरमाच्या ढिगाऱ्याजवळ नळी गुंडाळत.

"मामा, तुम्ही बरोबर होता. अण्णा खोटं बोलले," मी म्हणाले.

"ठावं हाय की," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. "दोन दिस वाकून मोजलंतं मी. इसरंन व्हय?"

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो की. ऐकलं कुणी? तुझं बी ऐकलं न्हाईत." त्यांनी नळी बाजूला ठेवली. "ते ऱ्हाऊदे. आता शाळंपासनं परत नळी आणलीया. एक फूट चढ धरून फरशी हितवर याय पायजे." भिंतीवर एका जागी त्यांनी अंगठा दाबला. मग खिशातून खडू काढून माझ्यापुढं धरला. "रेघ तू मार."

"मी कशाला? मोजलं तुम्ही."

"मी मारली तर उद्या चार बोटं पाणी चढलं तरी परत माझंच नाव. ह्या वयात परत सोसायचं न्हाय मला. तुझी खूण आसली म्हंजे कोण बोलत न्हाय."

मी खडू घेतला. मामांनी अंगठा होता तिथंच ठेवला आणि मी त्याच्या वरून रेघ ओढली. मग आम्ही शेजारच्या घरात गेलो, तिथून पुढच्या. प्रत्येक घरात ते नळी धरायचे, मी रेघ मारायची. दारादारांत बायका उभ्या राहून बघत होत्या.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं होतं, बाळासोच्या पोरीनं ह्या वेळी स्वतः उभं राहून अठराही घरं मोजून दिली. मामा मुरूम भरत होते तेव्हा सूरज येऊन त्यांना म्हणाला, "आता तरी नीट कर म्हाताऱ्या. ताईनं रेघ मारलीया, तिच्या खाली जाऊ नगंस."

"न्हाई जात," मामा म्हणाले आणि घमेलं उचललं.